चिनी राक्षसांचे पर्यवेक्षक

राक्षस मारणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पुराणात पाहिली, सिनेमात पाहिली, आणि कॉम्प्युटरवरच्या खेळात तर मी स्वतः शेकड्याने राक्षस मारले आहेत. पण चार पायांचं आणि दोन जिभांचं एक संकट पडद्यावरून अंगावर धावून येत असताना चष्मा पुसून, पुढे वाकून, 'मॅडम, याचं नाक कोरडं दिसून राहिलं, ताप असंल,' असं म्हणणारा माणूस साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा. वसमतला त्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, मी दोन वर्षं भाड्याने राहिले.

आमचे हे घरमालक म्हणजे निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. हा हुद्दा ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोटारसायकलला लसींचा थर्मास अडकवून गावोगाव हिंडायचं, ढोरांना सुया टोचायच्या, अडलेली गाय सोडवायची, बसलेला बैल उठवायचा, आणि शेवटी शेतकऱ्याने दिलेला चहा पीत त्याच्या घरातल्या माणसांच्याही तक्रारी ऐकून घ्यायच्या. चौतीस वर्षं त्यांनी हे केलं. सगळी पंचक्रोशी त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणायची आणि ते दर वेळी हात वर करून थांबवायचे, "डॉक्टर न्हाई, पर्यवेक्षक. डॉक्टरला डिग्री लागती." हे ते नम्रपणाने म्हणतात असं मला आधी वाटायचं. नंतर कळलं की नम्रपणाला इतकी धार नसते. एका लग्नात माइकवाल्याने 'डॉक्टरसाहेबांनी मंचावर यावं' असं पुकारलं, तर हे खुर्चीतून उठेनात. चिठ्ठी पाठवून त्यांनी दुरुस्ती करायला लावली. मग 'पर्यवेक्षकसाहेब आलेले आहेत' अशी घोषणा झाली, तेव्हा मंडपातली दहावी-बारावीची पोरं उगीचच सरसावून नीट बसली, आणि साहेब शांतपणे वर जाऊन वधूवरांवर फुलं टाकून आले.

इतकी वर्षं ढोरांत काढल्यावर त्यांची नजर माणसांनाही ढोरांसारखीच तपासायची. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. मी जिना चढत होते आणि ते खालून बघत होते. वर पोचल्यावर म्हणाले, "डाव्या पायावर भार देत न्हाई तुमी. खुराला काई..." आणि मग जीभ चावून, "तळपायाला काई लागलं का?" माझ्या डाव्या तळपायाला तेव्हा कुरूप झालं होतं आणि ते माझ्या आईलासुद्धा माहीत नव्हतं. कुणाचं लेकरू घरी आलं की ते त्याच्या कपाळाला हात लावायचे नाहीत, कान चाचपायचे. "तोंड खोटं बोलतंय, कान न्हाई," हे त्यांचं सूत्र. जेवण झालेल्या पाहुण्याला 'जरा निवांत बसा, रवंथ करा' म्हणायला त्यांना काही वाटायचं नाही. बैठकीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यांच्याच शेजारी कोणत्या महिन्यात ढोरांना कोणती लस द्यायची याचा पिवळा पडलेला तक्ता होता. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, तो तक्ता उतरवायचा होता. काका म्हणायचे, "त्यात काय वाईट लिवलंय? दुखणं यायच्या आधी सुई टोचा, हेच ना?"

एवढा शहाणा माणूस स्वतःच्या घरातल्या दुखण्याला मात्र सुई टोचायला विसरला होता. त्यांना एकच मुलगी, करुणा. लहानपणी ती मोटारसायकलच्या टाकीवर बसून त्यांच्याबरोबर गावोगाव फिरायची. पुढे तिला परभणीला ढोरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला, तेव्हा काकांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. दोन वर्षं शिकून तिने ते सोडलं आणि पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवर हलती चित्रं काढायचं शिक्षण धरलं. तिने हे सांगितलं त्या दिवशी काका एकच वाक्य बोलले, ते काकूंनी मला दोन-तीनदा तरी सांगितलं असेल. "जितं ढोर सोडून तू चित्रातलं ढोर धरलंस. आता बापबी चित्रातलाच धर." त्यानंतर तीन वर्षं बाप-लेकीचं बोलणं नाही. ती घरी आली की काका शेजारच्या गावात एखादी म्हैस आजारी पाडून निघून जायचे. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, काकू स्पीकरवर बोलायच्या, आणि काका दोन हात अंतरावर बसून पेपर वाचायचे. तो पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा हे काकूंना माहीत होतं आणि करुणालाही. काकू मुद्दाम मोठ्याने विचारायच्या, "तब्येत कशी हाय तुझी? आवाज बसला काय?" मग पेपराचं पान उलटायचं थांबायचं.

करुणा पुण्याच्या एका कंपनीत लागली होती आणि तिथे कॉम्प्युटरवरच्या एका खेळासाठी चिनी लोकांच्या जुन्या गोष्टींतले राक्षस चालवायचं काम करत होती. चालवायचं म्हणजे शब्दशः. आकार दुसरे लोक काढत, तिने त्यांना चालायला, वळायला, पडायला शिकवायचं. हे काकूंनी मला गॅलरीत मिरच्या निवडताना सांगितलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकवते आणि घरी आल्यावर त्याच कॉम्प्युटरवर खेळते. माझ्या आईच्या मते माझं लग्न याच कारणाने राहिलं आहे. तर तो खेळ बाजारात आल्याबरोबर मी घेतला.

पुढच्याच रविवारी सकाळी काका पाना घेऊन वर आले. म्हणाले, नळ गळतो का बघतो. नळ गळत नव्हता. त्यांनी तो तरीही उघडून परत बसवला आणि जाता जाता माझ्या पाठीमागे उभे राहिले. पडद्यावर तेव्हा एक भयंकर प्राणी होता. अंग बोकडाचं, तोंड माणसाचं, दात वाघाचे आणि डोळे दोन्ही काखांत. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा ऐकलं होतं. काखेत डोळे पहिल्यांदाच बघून राहिलो." मी सांगितलं की हा चिन्यांचा खादाड राक्षस, दिसेल ते खातो आणि त्याचं पोटच भरत नाही. "खातंय किती अन् बरगड्या बघा," काका म्हणाले. "इतकं खाऊन अंगाला लागत न्हाई म्हणजे जंत. याला मारून काय राहिले तुमी? जंताचं औषध पाजा." पुढच्या रविवारी ते परत आले. पाना हातात होताच. त्यानंतर पाच महिने माझा नळ दर रविवारी तपासला गेला, आणि शेवटी शेवटी तो खरोखरच गळायला लागला.

त्या पाच महिन्यांत चीनमधला एकही राक्षस तपासणीतून सुटला नाही. नऊ शेपट्यांची एक कोल्हीण होती. तिच्या सौंदर्याने राजे वेडे होतात असं खेळात येतं. काका म्हणाले, "शेपटीच्या बुडाला गोचिडं धरत्यात. हिला नऊ जागी बघावं लागंल." वर्षातून एकदा गावावर चालून येणारा आणि फटाक्यांना व लाल रंगाला भिणारा एक राक्षस होता. त्याला ते राक्षस मानायलाच तयार नव्हते. "बुजलेलं ढोर हाय. पोळ्याला पोरं पायात फटाके टाकत्यात, तवा बैल असाच गावात शिरतो. मग म्हणायचं बैल मारका." एकशिंगी बोकडाची एक जात होती. दोन माणसं भांडत असली तर खोटं कोण बोलतं हे त्याला वासावरून कळतं आणि तो बरोबर त्यालाच ढुशी मारतो. हे ऐकून काका हळहळले, "असं एक बांधावर बांधलं असतं तर आमच्या चुलत्यांची निम्मी हयात वाचली असती." एकाला तर तोंडच नव्हतं. नाक नाही, डोळे नाहीत, नुसतं सहा पायांचं आणि चार पंखांचं पोतं. त्याच्यापुढे मात्र काकांनी हात टेकले. "औषध पाजावं कुठून याला?" असं दोनदा म्हणाले, आणि त्या रविवारी काकूंनी वर पाठवलेला मुरमुऱ्यांचा सुशीला त्यांनी अर्धाच खाल्ला. हे प्राणी आपल्यापर्यंत कसे पोचले याचाही त्यांनी विचार करून ठेवला होता. "आपला धम्म तिकडं गेला, त्यांची जनावरं इकडं आली. देवाणघेवाण बराबर झाली."

खेळाची रीत अशी होती की भाला घेतलेल्या एका शिकाऱ्याने एकेक राक्षस मारत डोंगराच्या माथ्यावर जायचं. काकांनी कंट्रोलर हातात घेतला, त्याला ते रिमोट म्हणायचे, आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मी फिरीन, बघीन, पण मारणार न्हाई. कुणाला वाटेल अहिंसा. तसं काही नव्हतं. रविवारी खालच्या मजल्यावर मटण शिजत असायचं आणि त्यातल्या नळीवर काकांचा हक्क असायचा. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "खायाला मारणं निराळं." मग त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि पडद्याकडे बघतच विचारलं, "यातलं तिचं कोणतं?"

मुलीबद्दल त्यांनी माझ्याशी काढलेला तो पहिला शब्द. मला माहीत नव्हतं. कंपनीत पुष्कळ माणसं असतात, कुणी कोणता प्राणी चालवला ते कुठे लिहिलेलं नसतं. खेळ पूर्ण संपला की शेवटी नुसती सगळ्यांची नावं वर सरकत जातात. "म्हंजे शेवटचं मेल्याबिगर नाव दिसत न्हाई," काका म्हणाले. मी म्हटलं, हवं तर इंटरनेटवर शोधून दाखवते. ते एकदम चिडले, "पोरीचा निकाल शेजारच्याच्या खिडकीतून बघायचा व्हय?" आणि जरा वेळाने, हळू आवाजात, "कोणतं तिचं ते कळत न्हाई ना. म्हणून मारत न्हाई मी. तुमी मारा. तुमचं काय." तेव्हापासून आमची वाटणी ठरली. प्राणी दिसला की काका तपासायचे, मारायची वेळ आली की रिमोट माझ्याकडे द्यायचे आणि स्वतः खिडकीतून समोरच्या छतावर वाळत घातलेल्या हळदीकडे बघत बसायचे. मला कसायासारखं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

मात्र त्या चिनी राक्षसांबद्दल त्यांची एक तक्रार होती आणि ती वाढतच गेली. ती अशी की, हे सगळे उठायला चुकतात. "बोकड असू दे, रेडा असू दे, खाली पडलं की पुढचे पाय आधी टाकून उठून राहिले सगळे. घोडा तसा उठतो. गाय-बैल कदी तसं उठंल का? बैल आधी मागून उठतो." त्यांनी हे मला जमिनीवर बसून, दोन हात टेकून, स्वतः करून दाखवलं. बासष्ट वर्षांचा माणूस माझ्या खोलीत गुडघ्यांवर ओणवा झालेला आणि त्याच क्षणी काकू चहा घेऊन दारात. काकूंनी कप खाली ठेवले आणि काही न विचारता निघून गेल्या, एवढं त्या घरात सगळं सवयीचं होतं. "हिनं पण असंच केलं असंल," काका उठत म्हणाले. "दोन वर्षं शिकली ना परभणीला. लक्ष नसंल." त्या वेळी त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मुलगी आपलं ऐकत नाही हे दुःख ते तीन वर्षं सोसत आले होते. तिने आपल्याकडून काहीच घेतलं नसेल तर काय, ही भीती नवी होती.

मार्चमध्ये आम्ही डोंगरमाथ्यावर पोचलो. शेवटचा राक्षस म्हणजे एक बैल. तोंड पांढरं, कपाळावर मधोमध एकच डोळा, शेपटीच्या जागी साप. तो गवतातून गेला की गवत वाळतं, पाण्यातून गेला की पाणी आटतं, आणि तो जिथे दिसतो तिथे रोगराई येते, असं तिथल्या जुन्या गोष्टीत आहे. काकांनी ते सगळं मला मराठीत सांगायला लावलं. मग म्हणाले, "न्हाई पटत. लम्पीची साथ आली तवा एका गावानं आजारी बैल वेशीबाहेर हाकलला. तो ज्या शिवारात गेला तिथल्या लोकांनी दगडं मारली, ह्यानंच रोग आणला म्हणून. रोग त्यानं आणला नव्हता मॅडम. त्यालाच झाला होता." आणि रिमोट माझ्याकडे दिला.

मी लढायला लागले. काका खिडकीकडे गेले नाहीत. बैल चालायला लागला होता आणि ते त्याचे पाय बघत होते. "मागचं पाऊल पुढच्याच्या जागी टाकून राहिला," ते स्वतःशीच म्हणाले. "अन् ह्ये वशिंड? चीनच्या ढोराला वशिंड कुठून आलं?" मी भाला मारला, बैल कोसळला. अशा वेळी राक्षस उठून परत अंगावर येतो, ते मला माहीत होतं. बैल दोन्ही गुडघे टेकून थांबला. मान पुढे टाकली. मग मागचं धड उचललं, आधी मागचे दोन्ही पाय उभे केले, आणि पुढून तसाच गुडघ्यांवर राहिला. श्वास घ्यायला थांबल्यासारखा. नाकपुड्यांतून धूळ उडाली. मग एक पाय, मग दुसरा.

"थांबवा," काका ओरडले.

मी खेळ थांबवला. काका पडद्याजवळ गेले, इतके जवळ की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. "हा शिरड शहापूरचा बैल हाय," ते म्हणाले. मला वाटलं उन्हाचा परिणाम. पण त्यांनी सांगितलं ते असं. शिरड शहापूरला एक बैल तीन दिवस बसून होता, मालकाने आशा सोडली होती. काका सलाईन लावून सकाळपासून त्याच्याशी झटत होते आणि सहा वर्षांची करुणा गोठ्याच्या दारात कडब्याच्या पेंढीवर बसली होती. दुपारी बैल उठला, पण निम्मा उठून तसाच गुडघ्यांवर राहिला, पुष्कळ वेळ. सगळे दोर ओढायला धावले तर ही ओरडली, "त्याला दम खाऊ द्या ना!" काकांनी सगळ्यांना मागे सारलं. बैलाने दम खाल्ला आणि आपला आपण उठला. "अस्सा थांबला होता," काका पडद्यावरच्या राक्षसाकडे बोट दाखवत म्हणाले. "अस्सा. तिनं बगितलं होतं." मी दुसरीकडे बघितलं.

मग प्रश्न आला. त्या बैलाच्या डोक्यावर लाल पट्टी असते, ती संपली की बैल संपतो. पट्टी आता नखाएवढी उरली होती. एक घाव, की नाव दिसणार. मी रिमोट खाली ठेवला आणि म्हटलं, काका, आता हा मी मारणार नाही, माझ्याने होणार नाही. ते एकदा बैलाकडे बघायचे, एकदा रिमोटकडे. शेवटी जिन्याशी जाऊन त्यांनी खाली हाक मारली, "अगं, फोन लाव तिला."

काकू भाकरीच्या पिठाच्या हातांनी धावत वर आल्या. त्यांना वाटलं कुणाला तरी काहीतरी झालं. कोपराने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि काकांच्या पुढे धरला. पलीकडून 'हं आई' आलं. परत 'आई?' आलं.

"मी हाय," काका म्हणाले.

"बाबा? काय झालं?"

"तुझा बैल पडलाय हितं. एका डोळ्याचा."

"माझा हाय ते कुणी सांगितलं तुमाला?"

"सांगाय कशाला पाहिजे? शिरड शहापूरचा हाय ना?"

काकूंनी डोळ्यांना पीठ लावून घेतलं. मग काका तीन वर्षांनंतर मुलीशी जे बोलायचं ते बोलले. "पुढचा उजवा पाय जरा लवकर टेकवून राहिला तो. तेवढी चूक हाय."

"माहीत हाय बाबा. दुरुस्त करायला येळच दिला न्हाई."

"बाकी बराबर हाय." जरा थांबून, "लई बराबर हाय. बरं, आता काय करू? मारू का?"

"मारा बाबा. त्याच्याबिगर पुढं जाता येत न्हाई."

"तुला तकलीफ?"

"न्हाई हो. चित्रातलाच तर हाय."

हे ती सहज म्हणाली की ठरवून, मला सांगता येणार नाही. काकांनी मान खाली घातली. "तवा मी लई वंगाळ बोललो," ते म्हणाले, आणि एवढंच बोलून रिमोट उचलला. कोणतं बटण ते मला विचारलं. मी दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत, खिडकीकडेही बघितलं नाही. बैल मान टाकून कुशीवर आडवा झाला, आणि या खेपेला उठला नाही. पडद्यावरचं वाळलेलं गवत हिरवं होत गेलं, मग काळोख झाला आणि खालून पांढरी अक्षरं सरकत वर यायला लागली.

नावं पुष्कळ होती. चिनी होती, बंगाली होती, मद्रासकडची होती. सगळी दोन-दोन शब्दांची, एक नाव आणि एक आडनाव. काका इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत ओठांनी वाचत होते. काकूंना इंग्रजी येत नाही, त्या नुसत्या काकांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग एक ओळ आली ती इतरांपेक्षा लांब होती. पहिलं नाव करुणा. शेवटी त्यांचं आडनाव. आणि मध्ये काकांचं नाव, पूर्ण, एकही अक्षर न गाळता. काकांचं बोट त्या ओळीबरोबर वर वर सरकत गेलं आणि पडद्याच्या कडेला जाऊन थांबलं. ओळ निघून गेली होती.

"परत दाखवा," ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, परत बघायचं तर त्याला परत मारावं लागेल.

त्यांनी रिमोट अलगद टेबलावर ठेवला. "मग ऱ्हाऊ द्या. एकदा दिसलं ना." फोन अजून काकूंच्या हातात चालूच होता. काका त्याच्याकडे वळले. "काय गं, सगळ्यांची दोन-दोन नावं अन् तुझंच तीन काहून?"

"मधल्या नावाला जागाच न्हवती बाबा," करुणा म्हणाली. "मी मागून घेतली."

मी उठून गॅलरीत गेले. मला त्या घरात इतकं परकं आणि इतकं आपलं एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.

आता मला हिंगोलीला दुसरी नोकरी लागली आहे. इथले घरमालक सज्जन आहेत, नळ गळाला तर प्लंबर पाठवतात. काकूंचा परवा फोन आला होता. बाप-लेक रोज तासभर ढोरांवर बोलत बसतात, मला दोन मिनिटं फोन मिळत नाही, म्हणून चिडल्या होत्या आणि चिडताना हसतही होत्या. एखाद्या रविवारी सकाळी मीही तो खेळ लावते. डोंगरमाथ्यापर्यंत जाते, बैलाला एकदा पाडते आणि भाला बाजूला ठेवते. तो गुडघ्यांवर थांबतो, तेव्हा 'त्याला दम खाऊ द्या' असं मी खोलीत मोठ्याने म्हणते. ऐकायला मागे कुणी उभं नसतं. तो उठून उभा राहिला की मी कॉम्प्युटर बंद करते.